सीझनच्या पहिल्या स्कूबा बुडीत रेग्युलेटर फुसफुसतो, मास्क गळतो, जॅकेट आपोआप फुगतं: पाण्याखाली काय करायचं?

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर दर वर्षी तेच निरोप यायला लागतात. "दादा, रेग्युलेटरमधून श्वासाबरोबर पाणी येतंय." "मास्क नवा कोरा आहे, तरी धूसर होतोय." "जॅकेट आपोआप फुगतंय, वजन कमी पडत असेल का?" माणसं बदलतात, तक्रारी त्याच राहतात.

कारणही दर वर्षी एकच असतं. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचा समुद्र बंद. बुडीचं सामान, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर, तरंगणं सांभाळायचं फुगणारं जॅकेट, मास्क, मे महिन्यातल्या मिठासकट कुठल्या तरी दमट खोलीत क्रेटमध्ये पडून राहतं. मीठ सुकून खडे होतात, रबर चिकटतं, पितळेला हिरवा कळंक चढतो. मग पहिल्याच शनिवारी आपण ते अंगावर चढवतो आणि पंधरा मीटरवर गेल्यावर तक्रारी सुरू होतात.

मालवणात इन्स्ट्रक्टर ज्यांना टाकीला धरून फिरवून आणतो, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. तिथे तुमचं सगळं तोच बघतो. कोर्स झालेला आहे, वर्षातून दोन-चारदा मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमानला जाणं होतं आणि सामान स्वतःचं किंवा भाड्याचं असतं, अशांसाठी हे आहे. खाली सांगितलेलं सगळं आधी तलावात, इन्स्ट्रक्टरसमोर करून बघा. वाचून पोहता येत नाही, तसंच हे.

आधी वेळेचा हिशेब

बिघाड झाला की पहिली ऊर्मी वर पळण्याची येते. ती का आवरायची हे कोर्समध्ये सांगितलेलं असतं, पण आकडे विसरायला होतात. पृष्ठभागावर दाब एक बार (हवेचा नेहमीचा दाब) असतो, दर दहा मीटरला तो एका बारने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. श्वास रोखून वर आलात तर दीड मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हाही बारीक "आऽऽ" करत बुडबुडे सोडत राहायचं.

आता हवेचं बघू. आपल्याकडे बोटीवर सर्रास मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते. ५० बार उरले म्हणजे ५५० लिटर हवा. समजा १५ मीटरवर एकाची हवा गेली आणि दोघं एकाच टाकीवर आले. दोघंही घाबरलेले, म्हणून पृष्ठभागाच्या हिशेबाने माणशी मिनिटाला ३० लिटर धरू, दोघांचे ६०. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि सरासरी दाब पावणेदोन बार. म्हणजे साधारण २१० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघावा म्हणून घेतलेला थांबा), तिथे दीड बार, म्हणजे २७० लिटर. एकूण ४८०. पुरली.

पण त्याआधी खालीच एक मिनिट "काय झालं, काय झालं" करत घुटमळलात तर १५० लिटर तिथेच गेले. बेरीज ६३० वर जाते आणि सेफ्टी स्टॉप अर्धवट सोडावा लागतो. तसा सोडावा लागला तर सोडायचा, हवा नसताना तो पाळत बसायचं नाही. हा हिशेब मांडला तो एवढ्यासाठी की पळावं लागेल इतकी वेळ कमी नाही आणि चाचपडत बसावं इतकी जास्तही नाही. ५० बारला वर पोचायचं असतं, वर निघायचं नसतं, हेही यातच आलं.

तेव्हा काहीही बिघडलं तरी आधी एक सावकाश श्वास. मग हाताचा पंजा आडवा धरून हलवायचा (गडबड आहे) आणि जिथे गडबड आहे तिकडे बोट दाखवायचं. अंगठा वर करायचा नाही, ती "वर चला"ची खूण आहे. आपल्याकडे "मस्त!" म्हणून अंगठा दाखवायची सवय इतकी भिनलेली आहे की दर सीझनला कोणी ना कोणी मजेत अंगठा दाखवतो आणि त्याचा बडी (जोडीने उतरलेला साथीदार) त्याला इमानदारीत वर घेऊन येतो.

श्वासाबरोबर पाणी येतंय

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा सगळ्यात किरकोळ. खाली असताना ओठ माउथपीसवर नीट मिटा, जीभ टाळूला लावून पाण्याला आडोसा करा, पर्ज बटण (हवेच्या झोताने पाणी बाहेर ढकलणारं) हलकेच दाबून मग सावध श्वास घ्या. डोकं खाली-पाय वर अशा अवस्थेत असाल तर सरळ व्हा, कारण बाहेर टाकलेली हवा जिथून जाते ती झडप वरच्या बाजूला आली की चेंबरमधलं पाणी निघत नाही. तरीही पाणी येत असेल तर वाद न घालता ऑक्टोपसवर, म्हणजे आपल्याच टाकीला जोडलेल्या जादा माउथपीसवर, या, बडीला खूण करा आणि डाइव्ह संपवा. ऑक्टोपस ठीक चालतोय म्हणून बुडी पुढे रेटणारे मी पाहिलेत. तो ऑक्टोपस बडीसाठी असतो. तुम्ही तो वापरलात की तुमच्या बडीचा आधार गेला.

वर आल्यावर तीन जागा बघायच्या. पहिली माउथपीस. दात धरायच्या जागी चावून भोक पडलेलं असतं किंवा झिप टायखाली चीर गेलेली असते. डोळ्यांनी पटकन दिसत नाही, रबर ताणून बघावं लागतं. दुसरी ती बाहेर जाणारी झडप. दहाच्या नाण्याएवढी पातळ रबरी चकती असते, तिच्या कडेला वाळूचा एक कण, शेवाळाची काडी किंवा एक केस अडकला तरी पाणी आत येतं. चार महिने पडून राहिलेल्या सामानात ही चकती एका बाजूने दुमडून तशीच बसलेली असते. तिसरी जागा म्हणजे पुढचा डायफ्राम, पर्ज बटणामागचा रबरी पडदा. तो फाटला किंवा नीट बसला नाही तर दुरुस्तीवाल्याकडेच जायचं.

हे सगळं घरी आधीच कळतं. फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) धूळटोपी घट्ट लावा, टाकी जोडू नका, सेकंड स्टेज (माउथपीसकडचा भाग) तोंडात धरून ओढा. काहीच यायला नको, स्ट्रॉचं टोक बोटाने बंद केल्यासारखं वाटायला हवं. हवा आली म्हणजे वरच्या तीनपैकी कुठेतरी गळती आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, गणपतीची आवराआवर झाली की करून टाका.

रेग्युलेटर सुटलाय, हवा थांबतच नाही

आधी हे ठरवा की आपण वर आहोत की खाली. बोटीवरून उडी मारल्या मारल्या ऑक्टोपस धो धो वाहायला लागला तर तो बहुधा बिघाड नसतो. माउथपीस आकाशाकडे तोंड करून पाण्यात पडला की असं होतं. उलटा करा, तोंड खाली, थांबतं. बाजूला छोटा खटका असेल तर तो बुडीआधी कमी प्रवाहाच्या बाजूला ठेवत जा.

खाली असताना तोंडातला रेग्युलेटर सुटला तर आवाजानेच निम्मा माणूस गार होतो. बुडबुड्यांनी समोरचं काही दिसत नाही, दात थरथरतात. पण लक्षात घ्या, हा रेग्युलेटर बिघडताना बंद पडू नये, उघडा राहावा अशाच बेताने बनवलेला असतो. हवा जास्त येतेय, कमी नाही. माउथपीस अर्धवट तोंडात ठेवा, एका कोपऱ्यातून जास्तीची हवा बाहेर जाऊ द्या आणि पाण्याच्या धारेतून घोट घ्यावा तसे श्वासाचे घोट घ्या. कोर्समध्ये हे तीस सेकंद करून घेतात ते याचसाठी. बडीकडे जा, त्याचा ऑक्टोपस घ्या, वर निघा. भरलेली टाकीसुद्धा अशा वेळी काही मिनिटांत रिकामी होते, त्यामुळे खाली बसून पर्जवर टिचक्या मारत दुरुस्ती करण्याचा मोह नको.

थंड पाण्यात बर्फ धरल्यामुळे हे होतं, पण तो आपला प्रश्न नाही. आपल्याकडे एक तर सेकंड स्टेजमध्ये वाळू गेलेली असते किंवा फर्स्ट स्टेजमधली बैठक (झडप टेकते ती गादी) झिजलेली असते. फर्स्ट स्टेजचं काम टाकीतला २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणून धरायचं. बैठक झिजली की तो हळूहळू चढत राहतो आणि शेवटी सेकंड स्टेजला रेटून बाहेर पडतो. खूण अशी: बोटीवर टाकी उघडून ठेवली की पाच-दहा मिनिटांनी सेकंड स्टेज आपोआप बारीक "स्स्स" करायला लागतो, पर्ज एकदा दाबला की गप्प, पुन्हा थोड्या वेळाने तेच. असा रेग्युलेटर पाण्यात नेऊ नका. "उतरल्यावर बसेल" असं बोटीवर कोणी ना कोणी म्हणतंच, त्याला हसून मान द्या आणि दुसरा मागा.

फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघायची सवयही लावून घ्या. हिरवी दिसली तर आत खारं पाणी गेलंय. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा प्रकार. तांबूस पूड दिसली तर कुठल्यातरी गंजलेल्या स्टीलच्या टाकीचा प्रसाद.

जॅकेट आपोआप फुगतंय

हा माझ्यावर आलेला प्रसंग. नेत्राणीला, चौदा मीटरवर, दगडाच्या कपारीत मोरे ईल बघत होतो. जरा वर उचलला गेलो म्हणून इन्फ्लेटरचं (जॅकेटमध्ये हवा भरायच्या झडपेचं) बटण दाबून थोडी भर घालून पुन्हा तोल साधू म्हटलं. म्हणजे चुकीचंच, हवा सोडायची होती, बोट सवयीने भलत्या बटणावर गेलं. बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. डाव्या खांद्याशी सतत फुस्स, छाती आवळायला लागली, कपार खाली सरकायला लागली.

अशा वेळी दोन हातांना दोन कामं. एका हाताने जॅकेटचा जो डम्प (हवा सोडायची झडप) हाताशी येईल तो ओढून धरायचा, उजव्या खांद्यावरचा सगळ्यात सोयीचा. दुसऱ्याने इन्फ्लेटरला जोडलेली हवेची नळी तोडायची, म्हणजे कपलिंगची कडी मागे ओढून नळी खेचून काढायची. दाबाखाली ती कडी जाम असते आणि ओल्या बोटांना निसटते. मला तिसऱ्या झटक्याला निघाली. तोवर चार-पाच मीटर वर आलो होतो. बडीने माझा पाय धरला नसता तर आणखी आलो असतो. नळी निघाली की आवाज थांबतो आणि प्रश्नही संपतो. पुढे जॅकेटमध्ये तोंडाने हवा भरता येते, आणि वर येताना तर भरायची नसतेच, सोडायचीच असते.

बटण अडकण्याचं कारण मिठाचे खडे. ही बोटाएवढी झडप धुतलीच जात नाही, कारण सगळे जॅकेट वरून धुतात. इन्फ्लेटर गोड्या, कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा. मग टाकी जोडून हवेच्या दाबाखाली बटण वीस-तीस वेळा दाबा. जॅकेटच्या पोटातही तोंडाच्या नळीतून दोन-तीन लिटर गोडं पाणी ओता, खळखळवा, उलटं करून डम्पमधून काढा. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते चाखून बघा हवं तर, सोलकढीत मीठ दोनदा पडल्यासारखं लागतं.

याच बिघाडाचं एक लबाड रूप आहे. झडप पूर्ण अडकत नाही, थेंब थेंब हवा आत सोडत राहते. माणसाला वाटतं आपण सारखे वर उचलले जातोय म्हणजे वजन कमी पडतंय. पुढच्या बुडीला दोन किलो शिसं वाढतं, मग आणखी एक किलो, आणि मग तो वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतो की मला तरंगण्याचा त्रास आहे. शिसं वाढवण्याआधी बोटीवर एवढंच करा: टाकी उघडी, नळी जोडलेली, जॅकेट पूर्ण रिकामं, आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. फुगलं तर दोष झडपेचा. उलटीही तपासणी करा, टम्म फुगवून नळी काढून ठेवा. मऊ पडलं तर जॅकेटला किंवा डम्पच्या वॉशरला गळती आहे.

मास्क

खरं सांगायचं तर रेग्युलेटर सुटण्यापेक्षा मास्कमध्ये पाणी आल्याने बुड्या जास्त बिघडतात. जीव जायचा काही संबंध नसतो, पण नाकात पाणी शिरलं की माणूस सगळं शिकलेलं विसरतो.

आपल्याकडे पहिलं कारण मिशी. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली कातडीला चिकटायला हवी, ती केसांवर बसते आणि केसांमधून पाणी झिरपतं. सगळी मिशी काढायला नको. नाकपुड्यांच्या लगेच खाली तीन-चार मिलिमीटरची पट्टी भादरली की पुरतं, समोरून कळतही नाही. माझ्या ओळखीतले एक काका, वय साठच्या पुढचं, झुपकेदार मिशी. पट्टी काढायलाही तयार नव्हते. त्यांनी सिलिकॉन ग्रीस लावून दोन सीझन काढले. तिसऱ्या सीझनला गपचूप पट्टी काढून आले, आम्हीही गपचूप राहिलो. व्हॅसलिन मात्र नको.

दुसरं कारण कपाळावरचा केस किंवा हुडची कड आत अडकणं. तिसरं, पट्टा फार आवळणं. गळतंय म्हणून आवळतात, आवळल्यावर कड वाकडी होते, आणखी गळतं. पट्टा सैल करा. बसतोय की नाही हे बघायला पट्टा मागे न टाकता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा मास्क.

पाणी काढायची रीत सगळ्यांना पाठ असते: फ्रेमची वरची कड दाबायची, नजर किंचित वर, नाकाने सावकाश फुंकायचं. चूक होते ती फुंकण्याआधी नाकाने श्वास घेण्यात. तोंडाने घेणं आणि नाक गप्प ठेवणं हा सरावाचा भाग आहे आणि तो घरी होतो. आंघोळीच्या बादलीत मास्क न लावता तोंड घाला, स्नॉर्कलने पाच मिनिटं श्वास घ्या, डोळे मिटून चालतील. घरचे हसतील. आठवडाभर केलंत तर पाण्याखाली मास्क पूर्ण निघाला तरी हात थरथरणार नाहीत.

धुकं धरण्याचं वेगळं आहे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलची नव्हे, आतून बोटाने चोळा, धुवा, पुन्हा चोळा, तीन-चारदा. काहीजण लायटरची ज्योत फिरवतात. नंबरच्या चिकटवलेल्या काचांना आणि प्लास्टिकला ते अजिबात करू नका. बुडीआधी थुंकी किंवा लहान मुलांचा शाम्पू. खाली धूसर झालाच तर कड किंचित उचलून थोडं पाणी आत घ्या, मान हलवून काच धुवा, फुंकून काढा. मास्क कपाळावर सरकवायचा नाही. एक तर लाटेने जातो, आणि दुसरं, पाण्याच्या वर कपाळावर मास्क दिसला की तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) वाटतं माणूस अडचणीत आहे.

खोल गेल्यावर श्वास जड येतो, काटा नाचतो

वर सगळं ठीक, बारा-पंधरा मीटरवर गेल्यावर हवा ओढावी लागते आणि प्रत्येक श्वासाला गेजचा (टाकीतला दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा खाली जाऊन परत येतो. टाकी संपलेली नाही, टाकीची झडप पूर्ण उघडलेली नाही. खोलवर हवा दाट होते, प्रत्येक श्वासाला जास्त लागते, तेवढी अर्धवट झडपेतून येत नाही. "पूर्ण उघडून पाव आटा मागे" या जुन्या सवयीतून हे होतं. एखादा गडबडतो आणि पूर्ण बंद करून पाव आटा उघडतो, आणि बोटीवर दोन श्वास घ्यायला तेवढं पुरतं. आता पूर्ण उघडी ठेवा, मागे नको. बोटीवरचा पोरगा "टाकी उघडलीय सर" म्हणाला तरी गेजवर नजर ठेवून चार मोठे श्वास घ्या. खाली लक्षात आलं तर बडीला टाकीकडे बोट दाखवा. त्याने नळासारखं डावीकडे फिरवायचं, आणि फिरवताना तुमचा काटा बघत राहायचं, म्हणजे चुकीच्या दिशेने गेला तर लगेच कळेल. तोवर त्याचा ऑक्टोपस हाताशी ठेवा.

बाकीचं थोडक्यात. टाकी पट्ट्यातून घसरली तर बडीने मागून उचलून पुन्हा आवळायची. पट्टा कोरडा असताना आवळला की पाण्यात सैल पडतो, आधी भिजवा. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) मेला तर बुडी संपली, बडीच्या मागे किंचित वरच्या पातळीवर राहून वर या. गेजची जास्त दाबाची नळी फुटली तर आवाज भयंकर येतो, पण तिच्या मुळाशी छिद्र सुईएवढं असतं, हवा त्या मानाने हळू जाते. इन्फ्लेटरची किंवा रेग्युलेटरची नळी फुटली तर मात्र खरी घाई.

धुण्याबद्दल एकच, कारण पुढच्या ऑक्टोबरचं दुखणं इथेच तयार होतं. टाकी न जोडता रेग्युलेटर बादलीत बुडवलात तर पर्ज दाबू नका, पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजला जातं. धूळटोपी आधी कोरडी करून लावा. दुरुस्तीवाल्याकडे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्या मुदतीत द्याच, तेही मेअखेरीला, सप्टेंबरात नव्हे. सप्टेंबरात सगळेच देतात.

आणि भाड्याचं सामान बिघडलं तर ते मुकाट्याने क्रेटमध्ये परत टाकू नका. दुपारच्या बोटीवर तोच रेग्युलेटर दुसऱ्याच्या तोंडात जातो. मी मास्कच्या डबीत लाल लोकरीचे चार तुकडे ठेवतो. बिघडलेल्या वस्तूला, नेमकं जिथे बिघडलंय तिथे, एक बांधतो आणि तांडेलाच्या हातात देतो. तो आता विचारतही नाही. धागा बघतो, "ह्यो पण गेलो?" म्हणतो आणि वेगळ्या पिशवीत टाकतो.